मुठीचा रविवार

चौदा बैल, सहा गाई, नऊ म्हशी. शेळ्या एक्केचाळीस, पण दोन करडं सारखी इकडून तिकडे पळत होती, त्यामुळे तो आकडा एक-दोननं चुकू शकतो. पाच लोखंडी नांगर, आठ तिफणी, सात कुळव, एक ट्रॅक्टर. विळे आणि खुरपी एका गोणपाटावर ढीग करून ठेवली होती, ती मी मोजली नाहीत. चर्चच्या ओट्यावर बियाण्याच्या एकोणतीस पिशव्या ओळीनं मांडलेल्या. आणि आतल्या खोलीत, जिथे हार्मोनियम आणि झाडू ठेवतात तिथे, तीन भांडी: एक पितळी तांब्या, एक स्टीलची बरणी आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा.

तिथे दोनच भांडी असायला हवी होती. डबा मी ठेवला होता.

"तबे, जनावरं मोजतीस का त्यांची मालकं?" मार्थाकाकूंनी विचारलं. त्या चर्चची घंटा वाजवायच्या, आवार झाडायच्या आणि उपासनेला कोण उशिरा आलं ते वर्षभर लक्षात ठेवायच्या.

"दोन्ही," मी म्हणाले.

"मग मालकं एक कमी धर. दानीएल अजून ट्रॅक्टरच पुसतोय. वरातीला निघाल्यावानी."

आमच्या खडकवस्तीत एकतीस घरं. सगळी ख्रिस्ती आणि जवळजवळ सगळी रब्बीची ज्वारी पेरणारी. सप्टेंबर संपताना, पेरणीच्या आधीच्या रविवारी, उपासना चर्चच्या आत होत नाही, बाहेर चिंचेखाली होते. सगळे आपापली जनावरं आणि औतं घेऊन येतात. पाळक प्रत्येकाच्या जवळ जाऊन जनावराच्या पाठीवर, नांगराच्या रुमण्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मग प्रत्येक घरातलं एक माणूस आपल्या पिशवीतलं मूठभर बी एका मोठ्या पाटीत टाकतं. वस्तीतलं सर्वांत वडीलधारं माणूस सगळ्यांच्या शेवटी मूठ टाकतं आणि कोपरापर्यंत हात घालून पाटी ढवळतं. प्रार्थना झाली की जाताना प्रत्येक घर त्यातलं मूठभर बी परत नेतं आणि घरच्या पोत्यात मिसळतं. कुणाच्याही रानात फक्त स्वतःचं बी नसावं, एवढंच आम्हाला लहानपणी त्याबद्दल सांगितलेलं. घरात दुखणं असलं आणि कुणाला येता आलं नाही, तर ते घर भांड्यातून बी पाठवतं. ती भांडी आतल्या खोलीत ठेवायची. त्यांचं मार्थाकाकू बघतात.

याला आम्ही मुठीचा रविवार म्हणतो.

त्या वर्षी मी बी.एस्सी. होऊन चार महिने झाले होते. एम.एस्सी.च्या प्रवेशाची यादी लागायची होती आणि घरी मला काही काम नव्हतं. म्हणून मी वस्तीतल्या एकतीसही घरांतून ज्वारीचे शंभर-शंभर दाणे मागून आणले, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडले आणि किती उगवतात ते वहीत लिहायला लागले. लोक हसायचे. एलियाआबा शिरसाठ तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "शंभरच का? पन्नासात कळत न्हाई व्हय?"

"शंभर घेतले की टक्के लगेच कळतात, आबा."

"हां. मग बराबर हाय."

तेव्हापासून मी दिसले की, म्हणजे माझा आवाज ऐकला की, ते एकच शब्द विचारायचे. "किती?"

आबा एक्याऐंशी वर्षांचे होते. काचबिंदूनं त्यांची दृष्टी सहा वर्षांपूर्वीच गेलेली. तरी बियाण्याची कणसं ते स्वतः निवडत, बोटांनी चाचपून. दगडी नावाची जुनी ज्वारी त्यांच्या आज्यापासून त्यांच्या घरात होती. ताटं मजबूत, दाणा टणक. इतरांकडे पाटीतून गेलेली मूठभर दगडी नेहमीच्या मालदांडी ज्वारीत मिसळलेली असायची. पाटीतली मूठ मिसळूनही कणसं निवडून निवडून जवळजवळ निव्वळ दगडी राखली होती ती फक्त आबांनी. मुठीच्या रविवारी शेवटची मूठ टाकून पाटी ढवळायचा मान कितीतरी वर्षं त्यांच्याकडे होता.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी आबांचे शंभर दाणे मी भिंगाखाली धरले आणि मला दाण्यांच्या देठाशी काळी भुकटी दिसली. खात्री करावी म्हणून शनिवारी दुपारी आणखी मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन धुतले. पाणी काळं झालं.

ती काणी होती. काणी लागलेल्या कणसात दाण्याच्या जागी लांबट, करड्या पिशव्या तयार होतात आणि त्यांत काजळीसारखी बुरशी भरलेली असते. मळणीत त्या फुटतात आणि ती काजळी चांगल्या दाण्यांना चिकटते. दिसायला दाणा ठीक असतो, उगवतोही. पण त्याच्या ताटाला पुढे कणीस येतं ते काणीचं. ही काणी आबांच्या रानात कुठून आली ते मला आजही सांगता येत नाही. बाकीची तीस घरं मी त्याच दिवशी तपासली. तिसांचंही पाणी स्वच्छ होतं.

आणि दुसऱ्या दिवशी आबा तीस घरांच्या बियात हात घालणार होते.

मी ती ताटली तशीच धरून पाळकांच्या घरी गेले. साबळे पाळक आमच्याकडे येऊन दोनच वर्षं झाली होती. ते अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसले होते.

"चहा आणलास?" ताटलीकडे बघून ते म्हणाले.

"ज्वारीचं धुवण आहे. आबांच्या."

मी सगळं सांगितलं. ते ट्यूबवर सोल्यूशन लावत ऐकत होते. मग म्हणाले, "आबांना सांग ना."

"तुम्ही सांगा. तुम्ही पाळक आहात."

"मी काय सांगू? गेल्या वर्षी हार्मोनियम कोणी वाजवायची यावरून दोन घरं तीन महिने चर्चला आली नाहीत. आता आबांना म्हणू, तुमची मूठ नको?"

"त्यांना फार लागेल," मी म्हणाले.

"लागेलच."

मग मी म्हणाले, "त्यांना दिसत नाही. त्यांच्या पिशवीत मी आमच्या घरचं बी भरलं तर?"

पाळकांनी ट्यूब बादलीतल्या पाण्यात बुडवली आणि बुडबुडे येतात का ते पाहिलं. "तबीथा, मी हे ऐकलं नाही," ते म्हणाले.

मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

रविवारी सकाळी आबा लवकर आले. ते नेहमी बैलाबरोबर यायचे. सरज्या नावाचा त्यांचा म्हातारा बैल पुढे, त्याच्या कासऱ्याला धरून आबा मागे. रस्ता सरज्याला पाठ होता. त्यांनी पिशवी ओट्यावर ओळीच्या शेवटी ठेवली आणि बैल बांधायला चिंचेकडे गेले. पिशवीत साधारण किलोभर बी होतं. मी ते बिस्किटांच्या डब्यात ओतलं, पिशवी आतून बाहेरून झटकली आणि तिच्यात पप्पांची मालदांडी भरली. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. डबा आतल्या खोलीत तांब्या आणि बरणीच्या शेजारी ठेवला. मला वाटलं, भांड्यांत भांडं खपून जाईल.

मग मी बाहेर येऊन जनावरं मोजली.

घंटा झाली. गीतं झाली. साबळे पाळक एकेका जनावराजवळ जाऊ लागले. त्यांची प्रार्थना लहान असायची. "प्रभू, या खांद्यांना जू जड होऊ नये. या फाळाखाली दगड येऊ नये. या विळ्यानं गवत कापावं, बोट कापू नये." ट्रॅक्टरशी आल्यावर ते क्षणभर थांबले, त्यांना शब्द सापडेना.

"ब्रेकचं पण घ्या, पाळकसाहेब," मागून कुणीतरी म्हणालं.

"या ब्रेकवर तुझा हात असो," पाळक म्हणाले, आणि लोकांनी आमेन म्हणायच्या आत दानीएलभाऊंनी हॉर्न दिला. दोन बैल उधळता उधळता राहिले.

"दानीएल, आमेन तोंडानं म्हणा," पाळक म्हणाले.

त्यानंतर मुठी सुरू झाल्या. मार्थाकाकूंनी पाटी आधीच बाहेर आणून टेबलावर ठेवली होती. एकेक घर पुढे येत होतं, मूठ टाकत होतं, मागे फिरत होतं. मी आमच्या घरची मूठ टाकली तेव्हा पाटीत डोकावलेसुद्धा नाही. माझं लक्ष आबांच्या पिशवीवर होतं. ती मार्थाकाकूंनी त्यांच्या हातात दिली होती आणि त्यांनी ती मांडीवर धरली होती.

शेवटी आबा उठले. टेबलापर्यंत आले, कडेला हात लावून त्याची जागा पाहिली आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

"पाळकसाहेब, मला दोन शब्द बोलायचेत."

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

"यंदा माझी मूठ पाटीत पडणार न्हाई," आबा म्हणाले. "माझ्या बियाला काणी लागलीय. खळ्यावर बोटाला लागली तवा मला धूळ वाटली. परवा पोतं सोडलं तवा कळलं. काजळावानी मऊ लागतंय. इतकी वर्सं तुमी माझं बी घेतलं. आज घेऊ नका. आन् मी नुसतं तोंडानं सांगत न्हाई. बघा."

त्यांनी मनगटापर्यंत हात पिशवीत घातला, दोनदा फिरवला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

हात स्वच्छ होता.

दानीएलभाऊ म्हणाले, "आबा, हात तर धुतल्यावानी हाय. उगं घाबरवता काय आमाला?"

लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते, सगळ्यांना हायसं वाटलं होतं. बायकांच्या बाजूला कोणीतरी हळूच म्हणालं, "होतं असं. वय झालं आता." ते मला ऐकू आलं म्हणजे आबांनाही आलं असणार.

आबांचा हात वरच होता. त्यांनी तो सावकाश खाली आणला, अंगठ्यानं बोटं चोळली. पुन्हा पिशवीत हात घातला, एक दाणा काढून बोटात फिरवला, मग दाताखाली फोडला.

"ही मालदांडी हाय," ते म्हणाले. "हे बी माझं न्हाई."

आता हसणं वाढलं. "आबा, ओट्यावर पिशवी बदलली असंल," कुणी म्हणालं. "बसा आबा, बसा," दुसऱ्यानं म्हटलं, जसं लहान मुलाला म्हणतात.

"पिशवी माझी हाय," आबा म्हणाले. "शिवण माझ्या सुनंची हाय. बी माझं न्हाई."

मी उभी राहिले तोवर किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मोजायचं सुचलं नाही.

"आबा, मी बदललं," मी म्हणाले.

आबांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली. "तबी?"

"हो. तुमच्या बियाण्यात काणी आहे. मला गुरुवारी दिसली, काल खात्री केली. सगळ्यांसमोर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मलाही काल कळलं होतं, आबा," साबळे पाळक म्हणाले. ते टेबलापाशी उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. "हिनं मला सांगितलं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं."

लोकांच्या माना पाळकांकडून आबांकडे वळल्या.

"काणीचं वाईट वाटायचं ते वाटून झालं," आबा म्हणाले. "दोन दिस झालं त्याला. हितं उभं राहून काय बोलायचं ते सरज्याला रस्ताभर म्हणून दाखवलं मी. तुला इचारायचं हुतं तर घर काय लांब हाय का माझं? शंभर दाणे मागायला आलीस तशी यायचं." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "डोळं गेलं त्याला इलाज न्हाई, पोरी. पण डोकं गेलं म्हणत्यात आता ही माणसं."

बायकांच्या बाजूला कुणीतरी पदर सावरला.

"माझं बी कुठं हाय?"

"आत. डब्यात."

मी आतल्या खोलीत गेले. तांब्या, बरणी, डबा, तिन्ही जागच्या जागी होती. डबा उचलला तर हलका. झाकण काढलं. तळाला काळ्या भुकटीचा पातळ थर होता, दाणा एकही नव्हता.

मार्थाकाकू माझ्या मागोमाग दारात आल्या होत्या. "त्यो डबा व्हय? त्यो मी मघाशीच ओतला पाटीत. तांब्या, बरणी, डबा, तिन्ही. मला वाटलं, कांताबाईनं पाठवला असंल, तिचं गुडघं धरल्यात. आजारी माणसाचं बी मागं ठेवायचं नसतं गं."

ही पद्धत मला जन्मापासून माहीत होती. मीही दोनदा आजीचा तांब्या तिथे नेऊन ठेवला होता.

मी डबा घेऊन बाहेर आले. चालताना त्याचं झाकण वाजत होतं आणि तो आवाज रिकाम्या डब्याचा होता. आबांनी तो ओळखला.

"पाटीत?" त्यांनी विचारलं.

"हो."

आबा टेबलाकडे वळले. त्यांनी बाही कोपराच्या वर सारली आणि दरवर्षी घालायचे तसा पाटीत हात घातला, तळापर्यंत. मग वर काढला. बोटं करडी झाली होती आणि नखांत काळं भरलं होतं. तो हात त्यांनी पुन्हा उंच धरला.

"आता बघा," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही.

"पाटी जाळून टाकू," मी म्हणाले. "घरोघरची पोती स्वच्छ आहेत. आज कुणी मूठ परत न्यायची नाही."

"जाळा," आबा म्हणाले. "माझं घरचं पोतं बी आणून देतो. अठरा किलो हाय. त्याच्यासंगं जाळा."

"आबा, मग दगडी संपली की," मार्थाकाकू म्हणाल्या.

"संपली."

"मग पेरणार काय?"

"दानीएलचं उरलं तर त्याचं पेरीन."

त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात म्हटलं की दानीएलभाऊंनी मान खाली घातली. आणि तेव्हा मला एक गोष्ट आठवली, जी मला शनिवारीच आठवायला हवी होती. पुस्तकातलं ते पान मला जवळजवळ पाठ होतं. पण शनिवारी पाळकांच्या अंगणात मला लपवण्यापलीकडे काही सुचलं नव्हतं.

"गंधक," मी म्हणाले. "ही काणी दाण्याच्या आत नसते, वर चिकटलेली असते. गंधकाची बारीक भुकटी चोळली तर ती मरते. किलोला चार ग्रॅम. जाळायला नको."

"मरती म्हंजी किती मरती?" आबांनी विचारलं.

"जवळजवळ सगळी."

"जवळजवळ म्हंजी किती?"

"ते पीक आल्यावर मोजल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मग मोज," आबा म्हणाले.

"माझ्या द्राक्षाच्या शेडमध्ये अर्धं पोतं गंधक पडलंय," दानीएलभाऊ म्हणाले. "भुरी रोगावर मारायला आणलेलं. बारीक हाय, पिठावानी."

"उपासनेच्या पाटीत औषध टाकायचं?" मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "असं कधी झालं न्हाई."

सगळ्यांनी पाळकांकडे पाहिलं. कालच्यासारखं त्यांच्या हातात पंक्चर नव्हतं.

"आत्ता मी ट्रॅक्टरवर हात ठेवला," साबळे पाळक म्हणाले. "ब्रेकसकट. तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. दानीएल, पोतं घेऊन या. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी घरच्या बियावर पेरणी करावी, राग नाही. मी थांबतो."

दानीएलभाऊ ट्रॅक्टर घेऊन गेले. वीस-बावीस मिनिटं लागली. कुणी घरी गेलं नाही. सरज्या एकदा हंबरला तेव्हा आबा त्याला म्हणाले, "थांब रं. अजून हाय."

गंधक आलं. पाळकांनी त्या पिवळ्या पोत्यावर हात ठेवला. "प्रभू," ते म्हणाले. "आम्ही लपवलं. हे लागू पडू दे." लोक आमेन म्हणाले. दानीएलभाऊंचा हात हॉर्नकडे गेला नाही.

पाटी भरली तीन किलो दोनशे ग्रॅम. वजनाला द्राक्षाच्या पेट्या तोलायचा काटा होता आणि तो दहा ग्रॅमच्या खालचं दाखवत नव्हता, म्हणून गंधक मी मार्थाकाकूंच्या चहाच्या चमच्यानं घेतलं. चार सपाट चमचे.

"घाल हात," आबा मला म्हणाले.

"ढवळायचा मान तुमचा आहे."

"माझा हाय तर मी सांगतो. घाल. माझ्या शेजारी."

आम्ही दोघांनी कोपरापर्यंत हात घालून पाटी ढवळली. ते डावीकडून उजवीकडे फिरवत होते, मी चुकून उलट. मधे आमची बोटं एकमेकांना लागली. "सरळ फिरव," ते म्हणाले. हात बाहेर काढले तेव्हा दोघांचेही पिवळे होते. मग एकेक घर पुढे आलं. ज्यांनी 'वय झालं' म्हटलं होतं त्यांचंही आलं असणार. एकतीस मुठी गेल्या. एवढ्या मात्र मी मोजल्या.

सोमवारी मी आबांच्या घरी गेले. आधी बिनगंधकाचे चार-पाच मुठी दाणे काढून ठेवायला त्यांनी मला सांगितलं, मग बाकीच्या पोत्याला गंधक लावायला.

"हे कशाला?"

"एक वळ तशीच पेरायची. बांधाच्या कडंला. न्हाईतर तुझ्या गंधकानं काम केलं का देवानं, का मुळात काय झालंच नव्हतं, कळणार कसं?"

"पण त्या ओळीतली काणी बाकीच्यांना लागेल, आबा."

"पिकायच्या आधी खुडून जाळू. तोवर मोजून व्हईल की न्हाई?"

याला सात वर्षं झाली. मी आता एका बीज परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी करते. आमच्याकडे शंभर नाही, चारशे दाणे घेतात. नमुन्याबरोबर शेतकरी स्वतः आला असेल तर मी अहवाल त्याच्या हातात द्यायच्या आधी त्याच्यासमोर वाचते. सहकाऱ्यांना वाटतं, मी यात उगाच वेळ घालवते.

तर त्या पेरणीनंतरच्या जानेवारीत, तिसऱ्या आठवड्यात, मी एम.एस्सी.च्या कॉलेजातून दोन दिवसांसाठी घरी आले आणि सकाळी नऊला आबांच्या रानात गेले. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर होती. दाणा भरला होता, अजून वाळला नव्हता. आधी मी गंधक लावलेल्या भागात वेगवेगळ्या दहा ठिकाणी शंभर-शंभर कणसं पाहिली. हजारात काणीची तीन.

"किती?" बांधावरून आबांनी विचारलं.

"हजारात तीन."

"हां. आता ती वळ."

ओळ सरळ होती. मी एका बाजूनं चालले, आबा दुसऱ्या बाजूनं. माझ्या हातात वही होती. आबांनी जाताना बांधावरचे खडे उचलून उजव्या खिशात भरले होते. प्रत्येक ताट ते वाकवत, कणसावरून वरून खाली बोटं फिरवत. काणीचं लागलं की उजव्या खिशातला एक खडा डाव्या खिशात टाकत. मी त्यांच्यापेक्षा पुष्कळ लवकर टोकाला पोचले आणि त्यांची वाट पाहत थांबले.

"सांग," आल्यावर ते म्हणाले.

"दोनशे आठ कणसं. त्यातली बावीस काणीची."

आबांनी डाव्या खिशातले खडे माझ्या ओंजळीत ओतले. "मोज."

मी मोजले. तेवीस.

"एखादा खडा जास्त पडला असेल, आबा."

"आसंल. चल माघारी."

आम्ही ओळीतून उलटे निघालो. या वेळी ते प्रत्येक कणसाला थांबत नव्हते. सुरुवातीपासून एकोणिसाव्या ताटाशी ते थांबले, कणीस वाकवून माझ्या तोंडासमोर आणलं. बाहेरून ते पूर्ण चांगलं होतं. पांढरे, भरलेले, घट्ट दाणे. त्यांनी अंगठ्यानं खालच्या बाजूचे दाणे बाजूला केले. आत, दांड्याला लागून, सात दाण्यांच्या जागी सात लांबट करड्या पिशव्या होत्या. मी एक नखानं फोडली.

वहीतला आकडा मी खोडून पुन्हा लिहिला. एकूण कणसं दोनशे आठ. काणीची तेवीस.